फोटोला दहापैकी किती?

गणिताच्या पेपरात सात चोक अठ्ठावीस लिहिलं, की मार्क मिळतो. एकोणतीस लिहिलं, की जातो. त्यात भांडायला जागाच नाही. पण दोस्तांनो, फोटोला मार्क कसे देणार? नदीकाठच्या सूर्यास्ताला दहापैकी सात आणि आजीच्या सुरकुतलेल्या हातांना दहापैकी आठ, हे कुणी आणि कसं ठरवायचं? फोटोच्या मागच्या बाजूला काही बरोबर उत्तर छापलेलं नसतं!

तरीही जगभर दर वर्षी लाखो फोटो स्पर्धांना जातात आणि त्यांतल्या काहींना बक्षिसं मिळतात. तुमच्यापैकीही कुणी शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा सोसायटीच्या गणेशोत्सवात फोटो दिला असेल. नंबर आला नाही म्हणून दोन दिवस गाल फुगवूनही बसला असाल. “माझा फोटो इतका छान होता, मग नंबर त्याचा कसा?” हा प्रश्न डोक्यात घोळला असेलच ना?

तर आज आपण टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसू. आज तुम्ही स्पर्धक नाही, परीक्षक! या, बसा खुर्चीवर. हातात पेन्सिल घ्या.

टेबलावर तीन फोटो

समजा, पिंपरी-चिंचवडमधल्या एका शाळेनं फोटो स्पर्धा ठेवली आहे. विषय आहे ‘आमचं कष्टकरी गाव’. विषय अगदी आपल्या गावाला शोभेलसा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा कारखाना स्थापन झाला. पुढे एमआयडीसी आली, भोसरी-आकुर्डीपर्यंत कारखान्यांची रांग लागली, १९८२ साली इथे महानगरपालिका झाली आणि मग कारखाने चाकणच्या माळापर्यंत जाऊन पोहोचले. म्हणजे इथे कष्टाचे फोटो काढायला लांब जायला नकोच.

तुमच्यापुढे शेवटचे तीन फोटो उरलेत.

पहिला फोटो खंडेनवमीचा. एका वर्कशॉपमधलं लेथ मशीन धुऊनपुसून लखलखीत केलंय. त्याला झेंडूचा हार घातलाय, हळदकुंकू वाहिलंय आणि बाजूला एक कामगारकाका हात जोडून उभे आहेत. फोटो एकदम स्पष्ट, रंग झकास.

दुसरा फोटो चिंचवडचा, मोरया गोसावींच्या समाधी मंदिराजवळच्या पवनेच्या घाटावरचा. संध्याकाळ झालीय आणि एक फुलवाली मावशी आपली रिकामी टोपली आवरतेय. पाण्यावर मावळतीचा उजेड पडलाय. शांत, सुबक फोटो.

तिसरा फोटो चाकणच्या कांदा बाजारातला. पाठीवर गोणी घेऊन एक हमाल लगबगीनं निघालाय. त्याचे पाय हलल्यामुळे पुसट आलेत, गोणीचा एक कोपरा फोटोबाहेर कापला गेलाय. पण त्याच्या कपाळावरचा घाम आणि मानेच्या ताणलेल्या शिरा अशा दिसतात, की आपल्यालाच दम लागावा!

आता पुढचं वाचायच्या आधी तिघांना दहापैकी गुण द्या आणि कागदावर लिहून ठेवा. खोडायचं नाही हं. नंतर आपल्याला ते लागणार आहेत.

आधी चाळणी, मग गुण

गुण द्यायच्या आधी एक काम असतं, ते म्हणजे नियम तपासणं. बोर्डाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. चांगल्या फोटो स्पर्धेतही तसंच. फोटो कुणाचा आहे हे परीक्षकाला कळता कामा नये. शेजारच्या काकांनी आपल्या बंटीचा फोटो ओळखला, की त्यांची पेन्सिल आपोआप वर सरकणारच की!

मग बघायचं, फोटो विषयाला धरून आहे का? ‘कष्टकरी गाव’ या विषयाला कुणी मांजराच्या पिल्लाचा फोटो दिला, तर पिल्लू कितीही गोजिरवाणं असो, फोटो बाजूला जातो. तिसरी गोष्ट परवानगीची. कारखान्याच्या आत, यंत्रांजवळ कंपनीला न विचारता फोटो काढता येत नाहीत. कितीतरी फाटकांवर ‘छायाचित्रणास मनाई’ असा फलकच असतो. अशा जागी चोरून काढलेला फोटो अफलातून असला, तरी शहाणा परीक्षक त्याला हात लावत नाही.

चाळणीतून जे खाली उतरतात, त्यांनाच गुण मिळतात. पण गुण नक्की कशाला द्यायचे? ‘आवडला’ एवढ्यावर भागत नाही. म्हणून परीक्षक एका फोटोचे चार-पाच भाग पाडून बघतात.

तंत्र: जे स्पष्ट दिसायला हवं ते स्पष्ट आहे का? फोटो फार काळवंडलेला किंवा पांढराफटक तर नाही?

रचना: चौकटीत काय घेतलं आणि काय सोडलं? मामांच्या डोक्यातून विजेचा खांब उगवल्यासारखा तर दिसत नाही ना?

प्रकाश: भर दुपारी बारा वाजता उन्हात काढलेल्या फोटोत डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात. तोच चेहरा सकाळच्या तिरप्या उन्हात बघा!

क्षण: देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते. तेव्हा फोटो तर शेकडो लोक काढतात. पण दमलेली वारकरी आजी पायरीवर टेकून पहिला पाण्याचा घोट घेते, तो क्षण एखाद्यालाच सापडतो.

परिणाम: फोटो बाजूला ठेवल्यावरही तो डोळ्यांपुढे राहतो का?

आता गंमत बघा. तंत्राला जास्त गुण ठेवले, तर आपला खंडेनवमीचा फोटो पुढे जाणार. परिणामाला जास्त ठेवले, तर कांदा बाजार. म्हणजे फोटो तेच, पण कोणती फूटपट्टी लावली यावर नंबर बदलणार. म्हणूनच फूटपट्टी कोणती, हे स्पर्धेच्या आधी सांगायचं असतं, फोटो बघितल्यावर नाही.

तीन परीक्षक, तीन निकाल!

एकाच माणसाच्या आवडीनिवडीवर सगळं अवलंबून राहू नये, म्हणून स्पर्धेला बहुतेक वेळा एकाहून जास्त परीक्षक असतात. आपल्या स्पर्धेतही तीन आहेत असं धरू. पहिले परीक्षक हात आखडून गुण देणारे. दुसऱ्या बाई सढळ हाताच्या. तिसरे जे आवडेल त्याला भरभरून देणारे आणि नावडत्याला तोंडाला पानं पुसणारे. असे तीन सर प्रत्येक शाळेत असतातच, हो ना? त्यांनी दिलेले गुण असे:

खंडेनवमी: ६, ९, ३
पवनेचा घाट: ५, ८, ६
कांदा बाजार: ४, ७, १०

करा बेरीज. खंडेनवमी १८, घाट १९, कांदा बाजार २१. पहिलं बक्षीस कांदा बाजाराला! वाजवा टाळ्या.

थांबा थांबा. गुण पुन्हा नीट बघा. पहिल्या परीक्षकांनी कांदा बाजाराला तिघांत सर्वांत कमी गुण दिलेत. दुसऱ्या बाईंनीही सर्वांत कमीच दिलेत. तिघांपैकी दोघांच्या मते जो फोटो शेवटचा, तोच पहिला आला! असं कसं झालं? कारण पहिल्या दोघांच्या गुणांत फोटो-फोटोमध्ये एकेकाचाच फरक आहे. तिसऱ्यांच्या गुणांत मात्र तीनपासून दहापर्यंत सात गुणांची उडी आहे. त्यामुळे बेरीज तिघांची असली, तरी निकाल एकट्या तिसऱ्यांनीच लावला.

बरं, मग गुण सोडून देऊ. प्रत्येकानं नुसता पहिला, दुसरा, तिसरा असा नंबर द्यायचा आणि नंबरांची बेरीज करायची. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो जिंकला. खंडेनवमीला मिळाले १, १, ३, म्हणजे ५. घाटाला २, २, २, म्हणजे ६. कांदा बाजाराला ३, ३, १, म्हणजे ७. आता खंडेनवमी पहिली, आणि मघाशी पहिला आलेला कांदा बाजार थेट तळाला! अठराव्या शतकात फ्रान्समधल्या बोर्दा नावाच्या गणितज्ञानं निवडणुकीसाठी अशीच नंबरांची पद्धत सुचवली होती.

आणि समजा, शाळेनं असा नियम केला, की बक्षीस मिळवायचं तर प्रत्येक परीक्षकाकडून निदान पाच गुण हवेतच? खंडेनवमीला एका ठिकाणी तीनच आहेत, ती बाद. कांदा बाजाराला एका ठिकाणी चार आहेत, तोही बाद. उरला पवनेचा घाट. बक्षीस त्याचं!

फोटो तेच, परीक्षक तेच, त्यांनी दिलेले गुणही तेच. फक्त हिशेबाची पद्धत बदलली आणि तीन वेळा तीन वेगळे विजेते निघाले. कुणीही लबाडी केलेली नाही. बेरजेच्या पद्धतीत भरभरून आवडलेला फोटो वर येतो. नंबरांच्या पद्धतीत जास्त जणांना पसंत पडलेला वर येतो. आणि ‘कुणाकडूनही कमी नको’ म्हटलं, की कुणालाच न खटकणारा वर येतो. यांतला बरोबर कोणता? ते आपल्याला कसा फोटो निवडायचा आहे, यावर ठरतं.

म्हणूनच अनुभवी परीक्षक काही युक्त्या करतात. सुरुवातीला नमुन्याचे चार-पाच फोटो सगळे मिळून बघतात आणि ‘सात म्हणजे एवढं चांगलं’ हे आपापसांत ठरवून घेतात. एकाच फोटोला कुणी तीन आणि कुणी नऊ दिले, तर थांबून विचारतात, “तुम्हाला यात काय दिसलं, जे मला नाही दिसलं?” पाण्यात सूर मारण्याच्या स्पर्धांत तर आणखी एक युक्ती असते. सात परीक्षक असतील, तर सर्वांत जास्त दोन आणि सर्वांत कमी दोन गुण चक्क सोडून देतात आणि मधले तीनच धरतात.

जेजुरीचा पिवळाधमक फोटो

फोटो काढून मंडळींपुढे मांडायचा, हा नाद आपल्याकडे जुनाच आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली, म्हणजे लंडनमधली सोसायटी निघाल्यानंतर फक्त एका वर्षानं. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉक्टर नारायण दाजी हे त्या मुंबईच्या सोसायटीतले एक हौशी छायाचित्रकार होते. फोटोंच्या मोठ्या स्पर्धा-प्रदर्शनाला ‘सलोन’ म्हणतात. केस कापायचं सलून नव्हे हं! पॅरिसमध्ये लूव्र राजवाड्याच्या एका दिवाणखान्यात चित्रांची प्रदर्शनं भरत, त्या दिवाणखान्यावरून हे नाव पडलं.

आता एक खरी गोष्ट, तीही आपल्या पुणे जिल्ह्यातली. ‘विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स’ नावाची एक स्पर्धा आहे. ती २०१० साली नेदरलँड्समध्ये सुरू झाली. जुनी देवळं, किल्ले, पूल अशा वारशाच्या जागांचे फोटो काढायचे आणि ते विकिपीडियासाठी सगळ्यांना खुले करायचे. त्यात हौशी माणसंही फोटो पाठवू शकतात. २०११ साली या स्पर्धेला १,६८,२०८ फोटो आले आणि गिनेस बुकात जगातली सर्वांत मोठी फोटो स्पर्धा म्हणून तिची नोंद झाली. २०१७ साली तर दोन लाखांहून जास्त फोटो आले. आणि त्या वर्षी जगात पहिला आला, तो जेजुरीच्या खंडोबाच्या मंदिराचा, भंडाऱ्यानं न्हाऊन पिवळाधमक झालेला फोटो!

दोन लाख फोटो बघायचे कसे? करा हिशेब. एका फोटोला फक्त पाच सेकंद दिले, तरी दहा लाख सेकंद झाले. म्हणजे जवळजवळ २७८ तास. न झोपता, न जेवता साडेअकरा दिवस! आणि पाच सेकंदांत फोटो कितीसा दिसणार?

म्हणून तिथेही चाळण्याच लावतात. आधी प्रत्येक देशाचे परीक्षक आपापल्या देशातले फोटो बघतात आणि जास्तीत जास्त दहा फोटो पुढे पाठवतात. मग ते आंतरराष्ट्रीय परीक्षकांपुढे जातात. या स्पर्धेच्या परीक्षणासाठी ‘मोंटाज’ नावाची संगणकावरची सोय तयार केलेली आहे. तिच्यात तीन तऱ्हेच्या फेऱ्या घेता येतात. एकीत नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’, दुसरीत एक ते पाच तारे आणि तिसरीत पहिला-दुसरा-तिसरा असे नंबर लावायचे. आलं का लक्षात? आपण मघाशी टेबलावर केलं, तेच! फोटो खूप असतात तेव्हा झटपट ‘हो-नाही’, थोडे उरले की तारे, आणि अगदी शेवटी, जेव्हा सगळेच फोटो चांगले असतात, तेव्हा ते एकमेकांशेजारी ठेवून नंबर.

आणि फूटपट्टी? तीही आधीच सांगितलेली असते. तंत्र, नावीन्य आणि विकिपीडियावर त्या फोटोचा किती उपयोग होईल, या तीन गोष्टी. म्हणजे देवळापुढे तुमच्या ताईचा हसरा फोटो कितीही गोड आला आणि मागचं देऊळ धूसर झालं, तर तो घरच्या भिंतीवर शोभेल, पण या स्पर्धेत मागे पडेल. तो फोटो वाईट म्हणून नव्हे. इथली फूटपट्टी वेगळी, म्हणून.

पेंढा भरलेला मुंगीखाऊ

एक गोष्ट मात्र कोणत्याच फूटपट्टीवर चालत नाही. ती म्हणजे फसवणूक.

लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाची वन्यजीव छायाचित्रांची एक नामांकित स्पर्धा आहे. २०१७ साली तिच्या एका गटात ब्राझीलमधला एक फोटो जिंकला. रात्रीची वेळ, किड्यांच्या प्रकाशानं चमचमणारं वारूळ आणि त्यावर चालून आलेला एक मुंगीखाऊ. बघत राहावा असाच फोटो! पण पुढे कुणीतरी लक्षात आणून दिलं, की तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाजवळ पेंढा भरून ठेवलेला मुंगीखाऊ हुबेहूब असाच दिसतो. संग्रहालयानं पाच तज्ज्ञांना वेगवेगळं विचारलं. फोटोतला प्राणी तोच आहे, असं सगळ्यांचं मत पडलं. छायाचित्रकारानं आरोप नाकारला, पण एप्रिल २०१८ मध्ये बक्षीस परत घेतलं गेलं.

आता तर संगणक स्वतःच चित्र तयार करून देतो. २०२३ साली सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये एका जर्मन कलाकाराचं चित्र एका गटात जिंकलं. त्यानं बक्षीस नाकारलं आणि सांगितलं, की हा फोटो नाहीच, कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेलं चित्र आहे. परीक्षक तयार आहेत का, हे त्याला बघायचं होतं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका स्पर्धेत याच्या उलट झालं. कृत्रिम चित्रांच्या गटात एकानं रोहित पक्ष्याचा अगदी खराखुरा फोटो पाठवला आणि बक्षीस मिळवलं! त्यानं खरं सांगितल्यावर तोही बाद झाला, कारण तो त्या गटाचा नव्हता.

पूर्वी रिळाचे कॅमेरे होते, तेव्हा शंका आली की निगेटिव्ह मागता येई. आता कितीतरी स्पर्धांत विजेत्याकडून कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागवतात. दहापैकी दहा मिळवणारा फोटोसुद्धा ‘हे खरंच तुझ्यासमोर घडलं का?’ या एका प्रश्नाला अडला, तर त्याचे गुण शून्य.

आता तुमची पाळी

तर मंडळी, कागदावर लिहिलेले तुमचे गुण काढा. तुमच्या हिशेबानं कोण जिंकलं? तेच फोटो आईला, बाबांना, दादाला वर्णन करून सांगा आणि त्यांनाही गुण द्यायला लावा. मग तिन्ही पद्धतींनी निकाल काढून बघा. घरात चांगलाच वाद रंगेल!

वर्गातही अशी स्पर्धा घेता येईल. कॅमेरा नसला तरी चालेल, घरातला मोबाइल पुरे. तोही नसला, तर चित्रं काढा, हिशेब तोच. विषय आपल्या अवतीभवतीचा घ्या, म्हणजे शिफ्ट सुटतानाची सायकलींची रांग, भाजीवाल्या मावशी, शाळेचे शिपाईकाका. माणसांचा फोटो काढताना आधी विचारायला विसरू नका. फूटपट्टी आणि गुणांची पद्धत आधी फळ्यावर लिहा. नावं झाका, नंबर टाका. तीन किंवा पाच परीक्षक नेमा. आणि आमचा एक खास नियम: परीक्षकानं प्रत्येक फोटोखाली गुणांबरोबर एक वाक्य लिहायचं. ‘छान’ असं नाही. ‘हमालाचा चेहरा आवडला, पण मागची पिवळी पिशवी सारखी डोळ्यांत येते’ असं. सहा आकडा बघून फोटो काढणाऱ्याला काहीच कळत नाही. या एका वाक्यानं मात्र तो पुढच्या वेळी दोन पावलं बाजूला सरकून फोटो काढेल.

आई-बाबांनाही एक सांगणं आहे. मुलाचा नंबर आला नाही, तर “परीक्षकांना काही कळत नाही” असं म्हणू नका, आणि “तुला काही जमत नाही” असं तर मुळीच म्हणू नका. फोटो पुन्हा समोर ठेवा आणि दोघं मिळून बघा, तो कोणत्या फूटपट्टीवर मोजला गेला.

आणि तुम्ही? आपल्या टेबलावरचा खंडेनवमीचा फोटो आठवा. बेरजेत तो शेवटचा होता आणि नंबरांत पहिला. मधल्या वेळात त्या फोटोतलं एक झेंडूचं फूलसुद्धा हललं नव्हतं! म्हणून हरलात तरी आपला फोटो फाडू नका. जिंकलात तरी फार फुगू नका. त्यावर तारीख आणि ठिकाण लिहून तो जपून ठेवा. पुढच्या वर्षी तोच फोटो पुन्हा हातात घ्या आणि स्वतःच परीक्षक होऊन बघा. बघू या, तेव्हा तुम्ही त्याला दहापैकी किती देता!